चार एकर टिकवायचेत: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी पत्रं बहुतेक मराठवाड्यातूनच आलीत, लातूर, धाराशिव, बीड, आणि विषय जवळपास एकच, की जमीन थोडी आहे, घर त्याच्यावर आहे आणि हे कुठवर चालणार. सगळी छापणं शक्य नाही. जी घेतलीत त्यातली नावं काढलीत, कारण काही जणांनी घरात न सांगता लिहिलंय.

प्रश्न: नमस्कार. आमचं गाव औसा तालुक्यात, जमीन ४ एकर, कोरडवाहूच म्हणा कारण बोअर फेब्रुवारीपर्यंतच चालतो. मी २९ वर्षांचा, बीए झालंय, वडील आणि मी शेती करतो, मोठा भाऊ पुण्यात कंपनीत आहे, तो जमेल तसं पाठवतो. २०२४ च्या खरिपात चारही एकर सोयाबीन होतं, एकरी ७ क्विंटल उतारा, खर्च एकरी २१ हजार, आणि विकलं ४१०० नी. जूनमध्ये आडत्याकडून उचल घेतलेली म्हणून माल त्यालाच घालावा लागला. बँकेचं पीककर्ज दीड लाख थकलंय, शिवाय खाजगी १ लाख आहे, महिना ३ टक्क्यांनी. वडील म्हणतात एक एकर विकून मोकळं होऊ. मला विकायची नाही पण त्यांना सांगू काय, चार एकरात घर चालत नाही हे मलाही दिसतंय. लग्नाचंही अडलंय, कुठंही गेलं की पहिला प्रश्न नोकरी काय. सोडून पुण्याला जाऊ का?

उत्तर: भाऊ, तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत, कारण बहुतेक पत्रांत नुसतं परवडत नाही एवढंच असतं आणि मग काय सांगणार. आधी तुमचाच हिशोब मांडू. ७ क्विंटल गुणिले ४१०० म्हणजे एकरी २८,७०० आले, २१ हजार गेले, राहिले ७,७००. चार एकरांचे ३०,८००. यात तुमची आणि वडिलांची मजुरी धरलेलीच नाही. आता दुसरीकडं बघा, १ लाखाला महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ हजार नुसतं व्याज. म्हणजे शेतानं जे कमावलं ते सगळं त्या एका माणसाच्या व्याजाला गेलं आणि वर ५ हजार कमीच पडले. आणि त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२. तुमचे २८ क्विंटल त्या भावानं गेले असते तर २२ हजार जास्त आले असते. व्याज आणि भावातला हा फरक मिळून ५८ हजार होतात, म्हणजे तुमच्या नफ्याच्या जवळपास दुप्पट पैसे रानाच्या बाहेर गळतायत. वडिलांना हे कागदावर लिहून दाखवा. एक एकर विकलं तर आजचं कर्ज फिटेल हे खरं, पण जून आला की बी-खताला हातात पैसा नाही, परत उचल, परत त्याच आडत्याला माल, हे चक्र तीन एकरांत पण तसंच फिरणार आणि तेव्हा विकायला एकर कमी असेल. त्यामुळं माझं स्पष्ट मत, जमीन आत्ता विकू नका, आधी हे चक्र मोडा.

पहिलं खाजगी कर्ज संपवा, बँकेच्या आधी. बँकवाले नोटीस पाठवतात म्हणून त्यांची भीती जास्त वाटते पण तुम्हाला खातोय तो खाजगीवाला. घरात सोनं असेल आणि आईची मनापासून तयारी असेल तर बँकेत सोनेतारण करून हा १ लाख भागवा, व्याज वर्षाला नऊ-दहा हजारांच्या आसपास बसेल, ३६ हजारांच्या जागी. सोनं नसेल तर भावाशी बोला, तो दर महिन्याला जमेल तसं पाठवतो त्यापेक्षा एकदाच रक्कम देऊ शकतो का ते विचारा, आणि दिली तर वहीत लिहून ठेवा, भावाभावांत लिहिलेलं असलं की पुढं वहिनींसमोर पण मान वर राहते. एक गोष्ट मात्र काहीही झालं तरी करू नका, ती म्हणजे तारण म्हणून जमिनीचं खरेदीखत लिहून देणं. नुसतं नावाला आहे, पैसे दिले की परत फिरवू असं सांगतात आणि सातबारा जातो. लायसन नसलेला सावकार असं करत असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडं तक्रार करता येते.

मग बँक. मॅनेजरला भेटून विचारा की थकलेलं व्याज भरून मुद्दलाचे हप्ते पाडून मिळतील का. एकरकमी तडजोड पण असते पण त्यात बँकेनं रक्कम सोडली की पुढं नवीन कर्ज द्यायला तीच बँक कुरकुर करते आणि सिबिललाही, म्हणजे कर्जाच्या पतीलाही, लागतं, म्हणून तो मार्ग शेवटी. कर्ज नियमित झालं तर आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरणाऱ्याला व्याज शून्य पडतं. वेळेत म्हणजे वेळेत, तारीख चुकली की सवलत गेली. एका बाजूला शून्य टक्के आणि दुसऱ्या बाजूला छत्तीस, आणि आपल्याकडची माणसं छत्तीसवर शेती करतायत कारण शून्यवाल्या दारात एकदा नाव खराब झालंय. मला याचा फार त्रास होतो खरं सांगायचं तर.

आता माल विकायचं. हमीभाव केंद्रावर द्यायचं असेल तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते, म्हणून ई-पीक पाहणी मोबाईलवर वेळेत करा. आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत ठेवा, त्या वर्षी नंतर १५ पर्यंत सूट दिली होती पण तेवढ्यात कितीतरी जणांनी बाहेर विकून टाकलं होतं, वर बारदाना, म्हणजे माल भरायची पोती, नाही म्हणून केंद्रं थांबली. त्यामुळं केंद्राच्या भरवशावर एकट्यानं बसू नका. बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे, गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल मिळते, ६ टक्के व्याजानं, ६ महिन्यांसाठी. तुमच्या २८ क्विंटलला ४१०० धरून ८६ हजार हातात आले असते आणि सहा महिन्यांचं व्याज अडीच हजारांच्या आसपास. मजुराचे पैसे, दिवाळी, रब्बीचं बियाणं, सगळं त्यात निघतं. पण हे पण सांगतो की ठेवलं म्हणजे भाव वाढतोच असं नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजाराला पोचलं, मग सोयापेंड आयातीला परवानगी आली आणि भाव आपटला, आणि त्या दहा हजाराच्या आठवणीनं पुढची दोन-तीन वर्षं ज्यांनी घरात थप्प्या लावून ठेवल्या त्यांचं नुकसानच झालं. म्हणून अर्धा माल विका, अर्धा ठेवा, आणि कधीपर्यंत ठेवायचा ती तारीख आधीच ठरवा.

चारही एकर नुसतं सोयाबीन नको. चार ओळी सोयाबीन दोन ओळी तूर करा, परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे आणि आपल्याकडं जुनी माणसं असंच पेरायची. सोयाबीन ऑक्टोबरला निघतं, तूर जानेवारीत, म्हणजे पैसा दोनदा येतो आणि एक पीक पावसानं नेलं तर दुसरं हातात राहतं. एखाद्या एकरात रब्बीला ज्वारी घ्या, घरचं खायला होतं आणि कडबा राहतो.

राहिला पुण्याचा प्रश्न. २०१८-१९ ला केंद्र सरकारनं देशभरातल्या शेतकरी कुटुंबांची पाहणी केली होती, त्यात सरासरी महिन्याचं उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं आणि त्यातले पिकांपासून फक्त ३,७९८, मजुरीतून त्यापेक्षा जास्त, ४,०६३. म्हणजे नुसत्या पिकावर घर चालत नाही हे देशातल्या बहुतेक छोट्या शेतकऱ्यांचं आहे, तुम्ही कुठं कमी पडलात असं अजिबात नाही. तेव्हा सोडून जायचं की राहायचं असा प्रश्न करूच नका. लातूरला एमआयडीसीत, एखाद्या गोदामात, दुकानात हिशोबाचं काम बघा, औशाहून येऊन-जाऊन होतं, आणि पेरणी, फवारणी, राशीला घरी. पगार कमी असेल पण तो दर महिन्याला येईल, आणि जूनमध्ये आडत्याच्या दारात जायची वेळ येणार नाही. लग्नाच्या बोलणीत पण मग लपवायचं काही नसेल, शेती आहे, काम आहे, देणं एवढं आहे आणि ते असं फिटतंय, हे सरळ सांगा.

प्रश्न: घरचंच सोयाबीन बियाणं म्हणून वापरावं का? दुकानदार म्हणतो उगवणार नाही, बॅग घ्या.

उत्तर: वापरा, पण तपासून. सोयाबीन सरळ वाणाचं पीक आहे, संकरित नाही, प्रमाणित बियाणं एकदा आणलं की पुढं दोन-तीन वर्षं त्याचंच चालतं. १०० दाणे मोजून घ्या, न निवडता, ओल्या गोणपाटात ओळीनं मांडून गुंडाळी करा, ओल राहू द्या, सहा-सात दिवसांनी उघडा आणि चांगले कोंब मोजा. ७० च्या वर असतील तर बिनधास्त एकरी ३० किलो, ६० ते ७० मध्ये असतील तर थोडं बी वाढवा, त्याच्या खाली असेल तर मात्र पेरू नका. या दाण्याचं साल फार पातळ असतं, म्हणून पोती आपटायची नाहीत, सात फुटांच्या वर थप्पी नको, आणि पुढच्या वर्षासाठी ठेवायचं असेल तर रास करताना मळणी यंत्र हळू चालवायचं. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायची घाई नको, दुबार पेरणीसारखा खर्च नाही दुसरा. आणि दुकानातली बॅग घेतली तरी ही टेस्ट करा, पावती आणि पिशवीचं लेबल जपून ठेवा, २०२० च्या खरिपात विकतचं बियाणं न उगवल्याच्या किती तक्रारी मराठवाड्यातून झाल्या होत्या ते आठवत असेलच.

प्रश्न: मी धाराशिव जिल्ह्यातली. आमची अडीच एकर आहे. मालक सगळीकडं सोयाबीन लावतात. मला अर्धा एकर तरी द्या म्हणते, भाजी, कडधान्य लावते, घरात किराण्याला आणि भाजीला महिन्याला तीन हजार जातात. ते म्हणतात तुला काय कळतं, आणि सासूबाई म्हणतात नाव तर आमच्या पोराचं आहे. शेतात सगळं मीच करते, खुरपणी, वेचणी, जनावरं. नाव लागू शकतं का माझं?

उत्तर: ताई, लागू शकतं, आणि मागितलं म्हणून तुम्ही काही वावगं करत नाही आहात हे आधी मनात पक्कं करा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती म्हणून मोहीम चालवली होती, गावंच्या गावं पुढं आली, पुरुषांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली, आणि नंतर शासनानं पण १९९२ मध्ये तशी तरतूद केली की नवऱ्यानं अर्ज दिला तर पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून घेता येतं. अर्ज तलाठ्याकडं द्यायचा. अडचण एवढीच की अर्ज मालकांनी करायचा आहे, म्हणजे त्यांचं मन वळवणं आलंच, त्याला शॉर्टकट नाही. नाव असलं की पीककर्ज, ठिबक, सौर पंप, नुकसानभरपाई असल्या कशासाठीही तुम्हाला स्वतः अर्ज करता येतो. आणि वाईट वेळ सांगून येत नाही, आपल्या भागात किती बायका नवरा गेल्यावर वारसनोंदीसाठी दारोदार फिरल्यात ते तुम्ही बघितलं असेल.

पण नावाआधी रान मिळवा, म्हणजे नाव मागायला जोर येतो. मालकांशी हक्काची भाषा आज नको, पैशाची करा. महिन्याला तीन हजार म्हणजे वर्षाला ३६ हजार तुम्ही बाजारात देताय, आणि सोयाबीनचा अर्धा एकर खर्च जाऊन किती देतो ते त्यांनाच विचारा. वरच्या पत्रातल्या भावाला अख्ख्या एकरात ७,७०० राहिलेत, हे पान त्यांना वाचायला द्या हवं तर. तुमच्याच जिल्ह्यात स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था बचत गटांच्या बायकांबरोबर हे काम बरीच वर्षं करतेय, घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात एकच पीक न लावता भाजी, मूग, उडीद, ज्वारी, मका असं मिळून लावायचं, शेणखत आणि घरच्याच बियाण्यावर. २०१५-१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या दुष्काळातून हे काम जास्त पसरलं, कारण तेव्हा बायकांना कळलं की ऊस आणि सोयाबीन दोन्ही गेलं तरी ताटात काहीतरी पाहिजे. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात असा गट असेल तर एकदा जाऊन बघा, सासूबाईंना पण न्या बरोबर. मला वाटतं त्यांनी पण आयुष्यभर त्याच रानात खुरपलंय आणि नाव त्यांचंही नसणार, एकदा बोलून बघा त्या बाजूनं.

पहिल्या वर्षी विकायचा नाद नको. घरात लागतं तेवढंच, भेंडी, गवार, दोडका, पालक, मिरची, कडेनं शेवगा. आणि किराण्याचे किती वाचले ते वहीत लिहा, कारण भाजीतून वाचलेला पैसा कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही आणि मग पुढच्या जूनला परत सोयाबीन लावू म्हणतील.

प्रश्न: वडील वारले. ३ एकर जमीन, आई, दोन भाऊ आणि मी. मी पुण्यात दिलेली. भाऊ म्हणतात हक्कसोड कर, बँकेत प्रत्येक वेळी तुझी सही कुठून आणायची. नवरा म्हणतो करू नकोस. मला भांडण नको आहे पण उगाच सही करायला पण मन होत नाही.

उत्तर: कायद्याचं आधी. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, महाराष्ट्रानं १९९४ मध्येच कायदा बदलला होता, केंद्राचा २००५ ला आला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वडील २००५ ला हयात होते की नाही याच्याशी मुलीच्या हक्काचा संबंध नाही. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असली आणि मृत्युपत्र नसलं तरी आई आणि तुम्ही तिघं सारखेच वारस. त्यामुळं वारसनोंदीत तुमचं नाव येणारच. हक्कसोड पत्र रजिस्टर होतं आणि एकदा झालं की परत मागता येत नाही. उद्या भावांनी तीच जमीन प्लॉटिंगवाल्याला विकली तरी तुम्ही काही म्हणू शकणार नाही. हा विचार करून सही करायची तर करा, लाजेपोटी किंवा माहेर तुटेल या भीतीनं करू नका.

पण भावांचं पण ऐकायला हवं, सहीची अडचण खरी आहे. पीककर्जाला सहहिस्सेदाराची संमती लागते, मे-जूनमध्ये बँकेत रांगा आणि बहीण पुण्यात, आणि पीककर्ज लांबलं की माणूस सावकाराकडं जातो, वरती बघितलंच आपण. यावर मार्ग असा की जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं सगळ्यांच्या संमतीनं वाटप करून घ्या. ३ एकर म्हणजे १२० गुंठे, चौघांत ३० गुंठे येतात, जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठ्यांच्या खाली तुकडा चालत नाही, तुमचा त्याच्या वर आहे म्हणजे कायद्याची आडकाठी नाही. मग भाऊ आपापल्या हिश्श्यावर कर्ज काढतील, तुमची सही लागणार नाही. आणि तुमचे ३० गुंठे तेच कसतील, वर्षाला धान्य म्हणा, रक्कम म्हणा, जे ठरेल ते द्यायचं. लिहून काय ठरवायचं ते मात्र वकिलाला दाखवूनच करा, कूळकायद्याचा, म्हणजे कसणाऱ्याच्या हक्काचा, मुद्दा येतो.

कागदावर वाटलं तरी बांध घालू नका एवढी माझी विनंती. राज्यात १९७०-७१ ला सरासरी खातं, म्हणजे एकेका शेतकऱ्याकडची जमीन, ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६ पर्यंत १.३४ वर आलं, आणि ३० गुंठ्यांत औत वळवायला पण जागा राहत नाही. पेरणी, पाणी, फवारणी एकत्रच ठेवा. आईचा हिस्सा तिच्याच नावावर राहू द्या, तिला कुणाच्या तोंडाकडं बघायची वेळ येऊ नये.

प्रश्न: ३ एकर आहे, विहिरीला पाणी बऱ्यापैकी आहे. गावात दोघांनी रेशीम केलंय, चांगलं चाललंय म्हणतात. मी शेडसाठी ४ लाखांचं लोन काढायचा विचार करतोय. करू का? बीड जिल्हा.

उत्तर: रेशीम करा, पण लोन काढून सुरुवात करू नका. रेशमाच्या अळीला ज्याचा पाला घालतात ती तुती एकदा लावली की बारा-पंधरा वर्षं टिकते आणि पैसा वर्षातून चार-पाच वेळा येतो, छोट्या घराला हेच तर पाहिजे असतं. लागवड आणि शेड दोन्हीला रोजगार हमीतून मदत मिळते, जिल्हा रेशीम कार्यालयात जाऊन नाव नोंदवा, महारेशीम अभियानात नोंदणी होते. ते पैसे टप्प्याटप्प्यानं आणि उशिरा येतात म्हणून पहिल्या शेडला साधं, कमी खर्चाचं बांधकाम करा. एकच एकर तुती लावा, बाकी दोन एकर पीक चालू द्या. जालन्याला २०१८ पासून कोषाची खुली बाजारपेठ आहे, बीडलाही खरेदी होते, पण भाव खूप वर-खाली होतो, त्यामुळं शेजाऱ्यानं सांगितलेला अळ्यांच्या सगळ्यात चांगल्या बॅचचा भाव धरून हिशोब करू नका, वाईट बॅचचा पण विचारा, सांगतील ते.

दोन गोष्टी आधी तपासा. शेवटच्या आठवड्यात अळी जेवढा पाला एकूण खाते त्यातला ८० टक्के खाते, तेव्हा रात्रीसुद्धा पाला टाकावा लागतो, घरातली दोन माणसं त्यात पूर्ण अडकतात. कोण अडकणार ते घरात बसून ठरवा, बायकोला न विचारता ठरवू नका कारण बहुतेक घरांत ते काम तिच्यावरच येतं. दुसरं, शेजारच्या बांधावर कीटकनाशक फवारलं आणि वारा तुमच्या तुतीवर आला की अख्खी बॅच मरते, कापूस-सोयाबीनवाल्या शेजाऱ्यांशी लागवडीच्या आधी बोलून घ्या, कुठल्या दिवशी फवारणार ते एकमेकांना फोन करायचं ठरवा. आणि त्या दोघांपैकी एकाची बॅच शेवटच्या आठवड्यात असेल तेव्हा तिथं चार-पाच दिवस कामाला जा, मजुरी न घेता, मग मला परत लिहा.